तांदूळ निवडण्याची जागा

कुणाच्या घरी फोटो काढायला गेले, की कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्याआधी मी त्या घरातल्या बाईला एक प्रश्न विचारते : तांदूळ कुठे बसून निवडता? प्रश्नाचे थोडे आश्चर्य वाटते, पण उत्तर कधी अडत नाही. ‘या खिडकीपाशी, सकाळी,’ किंवा ‘मागच्या बाल्कनीत, पण दुपारनंतर नाही, तिथं ऊन येतं,’ असे नेमके उत्तर मिळते. सुईत दोरा कुठे ओवता, पेपर कुठे वाचता, पायात रुतलेला काटा काढायचा असेल तर कुठे बसता, हे त्याच प्रश्नाचे पुढचे भाग. ज्या जागी तांदळातला बारीक खडा दिसतो, त्या जागी माणसाचा चेहराही दिसतो. आणि ती जागा शोधण्याचे काम त्या घरातल्या माणसांनी माझ्या येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, कोणत्याही प्रकाशमापकाशिवाय करून ठेवलेले असते.

मी नाशिकमध्ये माणसांची छायाचित्रे त्यांच्याच घरात, खिडकीतून येणाऱ्या उजेडात काढते. एक माणूस, एक खोली, एक खिडकी. फ्लॅश नाही, मागे लावायचा रंगीत पडदा नाही, दिव्यांचे स्टँड नाहीत. हा काटकसरीचा मार्ग आहे असे अनेकांना वाटते, पण माझे कारण वेगळे आहे. स्टुडिओतला प्रकाश छायाचित्रकाराच्या मालकीचा असतो. तिथे आलेला माणूस पाहुणा असतो, त्याला स्टुलावर बसवले जाते, हनुवटी वर करायला सांगितली जाते, आणि तो निमूटपणे ऐकतो. घरातला उजेड मात्र घरच्या माणसाचा असतो. तो कधी येतो, कुठवर येतो, कोणत्या महिन्यात देव्हाऱ्यापर्यंत पोचतो हे त्याला ठाऊक असते आणि मला ठाऊक नसते. त्या खोलीत पाहुणी मी असते. माणूस सैल होतो, स्वतःसारखा दिसतो, त्यामागे माझ्या गोड बोलण्यापेक्षा ही मालकीची अदलाबदल अधिक असते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या घरांत माणसाचा एकट्याचा, मोठा, काळजीपूर्वक काढलेला फोटो बहुधा एकदाच लागतो, आणि तो लावला जातो तेव्हा त्याला हार घातलेला असतो. घरात कुणी गेले, की दहाव्याच्या आत फोटो हवा असतो. मग मोबाइलमध्ये शोधाशोध सुरू होते, पुतणीच्या लग्नातल्या समूहातून आजीचा चेहरा कापून मोठा केला जातो, मागे कुणाचा तरी खांदा उरतो, तो पुसून निळा रंग भरला जातो. किंवा आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणला जातो. सत्तर-ऐंशी वर्षे जगलेल्या बाईची पुढच्या पिढ्यांना दिसणारी मुद्रा ही अशी, घाईत आणि दुःखात, दुकानाच्या काउंटरवर ठरते. मला हे फार लागते. जिवंत असताना, स्वतःच्या खिडकीपाशी, स्वतःच्या वेळी बसून काढलेला एक फोटो प्रत्येकाचा असावा, एवढ्यासाठी मी हे काम करते.

खिडकी आणि छायाचित्र यांचे नाते या कलेच्या जन्मापासूनचे आहे. फ्रान्समध्ये नीएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास टिपलेले, आज उपलब्ध असलेले कॅमेऱ्यातले सर्वांत जुने छायाचित्र त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे आहे. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये केलेली, आज टिकून असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह त्यांच्या राहत्या घरातल्या जाळीदार खिडकीचीच आहे. एकाने खिडकीतून बाहेर पाहिले, दुसऱ्याने खिडकीकडेच पाहिले. दोघेही घरात होते. माझ्या कामाच्या सर्वांत जवळची मला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन वाटते. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंच्या हाती वयाच्या ४८ व्या वर्षी कॅमेरा आला, त्यांनी आपल्या घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याची काचघरवजा खोली केली आणि नातलग, शेजारी, घरातल्या कामकरी मुली यांना तिथे बसवून चेहरे टिपले. एका छायाचित्रासाठी कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. एवढा वेळ कुणीही खोटा चेहरा धरून ठेवू शकत नाही, आणि ते त्या छायाचित्रांत दिसते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी गोध्र्यात छायाचित्रकार होते, आणि १९१३ मध्ये ते नाशिकला येऊन चित्रपट काढू लागले, तेव्हा चित्रीकरणाची सारी भिस्त सूर्यावरच असे. या गावाच्या उजेडाला हे काम नवे नाही.

तो उजेड नीट समजून घ्यावा लागतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, आणि त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या विशीत आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास, मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. मधले दोन महिने तो दुपारी किंचित उत्तरेकडे कललेला असतो. युरोपातल्या चित्रकारांनी आणि त्यांच्यामागून छायाचित्रकारांनी उत्तरेच्या खिडकीची महती गायली, कारण तिकडच्या उत्तर खिडकीत भर दिवसा कधी ऊन शिरत नाही, फक्त आकाशाचा थंड, सारखा उजेड येतो. ते वाक्य जसेच्या तसे उचलून नाशिकला आणले तर जूनमधल्या सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून चक्क ऊन आत आलेले दिसेल. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मात्र आपलीही उत्तर खिडकी तशीच शांत असते. शिवाय घड्याळावरही विसंबून चालत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक त्याच्या पश्चिमेला, ७३.८ अंशांच्या जवळ. म्हणून इथली खरी मध्यान्ह सरासरीने साडेबारा उलटून गेल्यावर होते. ‘सकाळचा उजेड अकरापर्यंत’ असे पुस्तकात वाचले, तरी नाशिकमध्ये तो त्याहून थोडा अधिक टिकतो.

डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंश चढतो. जमिनीपासून दोन मीटरवर वरची कड असलेल्या दक्षिण खिडकीतून त्या वेळी ऊन जवळजवळ दोन मीटर आत येते. मे महिन्याच्या अखेरीस तेच ऊन बाहेरच राहते, आणि खोलीत जो उजेड येतो तो समोरच्या गच्चीवरून, अंगणातल्या फरशीवरून परतलेला असतो. असा परतलेला उजेड खालून वर येतो, हनुवटीखाली आणि भुवयांखाली शिरतो, आणि चेहरा परका करतो. त्या दिवसांत मी खिडकीचा खालचा भाग गडद चादरीने झाकून घेते. पावसाळा मात्र मला मनापासून आवडतो. ढगांनी भरलेले आकाश म्हणजे दिवसभर सगळ्याच खिडक्यांना उत्तरमुखी करणारी गोष्ट. उजेड कमी असतो, पण तो कुठेही टोचत नाही.

हे सारे गणित पंचवटीतल्या माझ्या मावशीला कुणी शिकवलेले नाही. काळाराम मंदिराच्या मागच्या बाजूला एका जुन्या वाड्यात ती लग्न होऊन आली आणि तिचे सगळे आयुष्य त्या चौकाभोवती गेले. वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड, खिडक्या लहान, गज लावलेल्या. खरा उजेड वरून, मधल्या चौकातून येणारा. मावशी फुलवाती वळायला सकाळी ओसरीच्या पश्चिम बाजूला बसायची, उन्हे चौकात उतरली की खांबाआड सरकायची, आणि दुपारी माजघराच्या दारात यायची. तिचे बस्कर तिच्याबरोबर घरभर फिरायचे. मी तिला एकदा विचारले, ‘मावशी, तू इथून उठून तिकडे का बसलीस?’ तर ती म्हणाली, ‘अगं, इथं आता हात दिसत नाहीत.’ ती स्वतःच्या चेहऱ्याचा विचारही करत नव्हती. पण जिथे तिला हात दिसत होते तिथेच मला तिचा चेहरा दिसत होता.

चौकातून येणाऱ्या उजेडाची एक अडचण आहे. माणूस चौकाच्या अगदी कडेला बसला, तर उजेड थेट डोक्यावरून पडतो, कपाळ आणि नाक उजळते, आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. डोळे गेले की फोटोत माणूस उरत नाही. ओसरीत थोडे आत, भिंतीकडे सरकून बसले, की छपराची कड वरचा उजेड अडवते आणि चौकाच्या समोरच्या अंगाचे आकाश तिरके चेहऱ्यावर येते. डोळ्यांत उजेडाचा ठिपका पडतो. मावशीच्या डोळ्यांतला तो ठिपका मोठा करून पाहिला तर चौकाचा चौकोन आणि त्यात एका कडेला तुळशीवृंदावनाचा आकार दिसतो. फ्लॅटमधल्या माणसाच्या बुबुळात ग्रीलच्या पट्ट्या दिसतात. कुणाचे घर कसे होते याची नोंद अशी माणसाच्या डोळ्यातच राहते, आणि मी फोटो निवडताना सर्वांत आधी तीच पाहते.

खिडकीपासूनचे अंतर हा या कामाचा गाभा आहे. चार फूट लांब-रुंद खिडकीपासून तीन फुटांवर बसलेल्या माणसाला सहा फुटांवर नेले, तर त्याच्यावर पडणारा उजेड साधारण एक-तृतीयांशावर येतो. याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. माणूस खिडकीजवळ आणि भिंत दूर असेल, तर भिंत आपोआप अंधारात जाते. तिच्यावरचे कॅलेंडर, मीटरची पेटी, केबलच्या वायरी सगळे विरून जाते आणि काहीही हलवावे लागत नाही. शिवाय जवळची खिडकी चेहऱ्याच्या मानाने मोठी, म्हणून सावलीची कड मऊ. माणूस दूर नेला की तीच खिडकी लहान होते, सावल्या धारदार होतात. दुसऱ्या गालावर किती अंधार ठेवायचा हे मी पांढऱ्या पंचाने किंवा थर्मोकोलच्या तुकड्याने ठरवते, आणि पुष्कळदा काहीच धरत नाही. घरातले दिवे मात्र सगळे बंद करते. ट्यूब चालू राहिली तर एका गालावर आकाशाचा आणि दुसऱ्यावर ट्यूबचा रंग येतो, आणि तो नंतर संगणकावर बसूनही नीट निघत नाही. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीपासूनही दूर राहावे लागते, कारण ती आपला रंग शेजारी बसलेल्याच्या गालावर टाकते.

आता त्वचेबद्दल, कारण त्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. कॅमेऱ्याचा मापक समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. मागे अंधारी खोली आणि पुढे सावळा चेहरा असला, की त्याला सगळेच काळे वाटते आणि तो उजेड वाढवतो. चेहरा फिका, पिठूळ होतो. मोबाइल तर त्यापुढे जाऊन त्वचा गुळगुळीत करतो. घरची माणसे स्क्रीन पाहून म्हणतात, ‘किती गोरी आलीस!’ आणि ती बाईही हसते. मला त्या हसण्याचे वाईट वाटते. सावळ्या त्वचेवर बाजूने येणारा उजेड जे करतो ते गोऱ्या त्वचेवर होत नाही : गालाच्या उंचवट्यावर, कपाळाच्या कडेला, गळ्याच्या हाडावर एक ओलसर चमक येते आणि तिच्या शेजारी रंग खोल, उबदार राहतो. ही चमक टिकवायची तर उजळ गालावरचा उजेड मोजायचा आणि तोही थोडा कमीच ठेवायचा. मोबाइलवर हेच करायचे असेल तर बोटाने चेहऱ्यावर टेकून उजेडाची खूण खाली ओढायची आणि सौंदर्याची म्हणून असलेली सगळी बटणे बंद करायची. पावडर लावू नका, असे मी आधीच सांगते. तेल लावलेले चालेल. मग छापलेला फोटो हातात आला, की त्या बाईचा खरा रंग तिच्यासमोर असतो, आणि तो सुंदर असतो. माझ्या हातून समाजाचे फार काही बदलणार नाही, पण माझ्या कॅमेऱ्यातून कुणी गोरे होऊन बाहेर पडणार नाही, एवढे मी पाहते.

इंदिरानगरमध्ये एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचे, बाळंतपणानंतरच्या पाचव्या आठवड्यातले फोटो काढायचे होते. बाळंतिणीच्या खोलीला वारा आणि उजेड लागू द्यायचा नाही, या रिवाजाने खिडकीवर दुहेरी पडदे होते आणि शेकशेगडीतल्या ओव्याचा वास भरून राहिला होता. तिची आई म्हणाली, ‘बाळाच्या डोळ्यांवर उजेड नको हं.’ मी म्हणाले, ‘काकू, बाळाला तिच्या पलीकडच्या कुशीत देऊ या. उजेड तिच्या पाठीवर आणि गालावर येईल, बाळ तिच्या सावलीत राहील.’ त्यांनी स्वतः उठून पडदा वीतभर सरकवला; किती सरकवायचा हे त्यांनीच ठरवले. वीतभर फटीतून येणारा उजेड फार कडक होता, म्हणून काकूंनी कपाटातून जुने, धुऊन धुऊन विरलेले मलमलीचे धोतर काढले आणि फटीवर अडकवले. त्या धोतरातून जो उजेड आला तसा कुठल्याही विकतच्या सामानातून मला मिळालेला नाही. मुलगी दमलेली होती, केस बांधलेले नव्हते, गाऊनवर दुधाचा डाग होता. तिने विचारले, ‘ताई, हे असंच काढायचं?’ मी म्हणाले, ‘तुला नको असेल ते काढणार नाही, काढलेलं नको असेल तर आत्ता तुझ्यासमोर पुसून टाकू.’ तिने बाळाला पाजायला घेतले आणि मानेनेच होकार दिला. ते फोटो तिच्याकडे आहेत. माझ्याकडे त्यांची प्रत नाही, कारण तिची तशी इच्छा होती.

अशा जवळिकीच्या फोटोंत परवानगी एकदा विचारून संपत नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते. फोटो काढण्याची परवानगी वेगळी, ठेवण्याची वेगळी, आणि दुसऱ्याला दाखवण्याची तर अगदीच वेगळी. घरातला कर्ता माणूस ‘काढा, काढा’ म्हणाला म्हणजे त्याच्या बायकोने होकार दिला असे होत नाही. नातेवाइकांच्या गटावर फोटो टाकण्याची घाई घरच्यांनाच जास्त असते, म्हणून मी फोटो आधी फक्त त्या एकाच माणसाला दाखवते, दार लोटून, त्याच खोलीत.

पुरुषांचे फोटो काढणे अधिक अवघड जाते. नाशिकरोडला जेल रोडवर राहणारे एक निवृत्त काका, सारी नोकरी सिक्युरिटी प्रेसमध्ये काढलेले, जिथे आपल्या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात. त्यांच्याकडे स्वतःचे जेवढे एकट्याचे फोटो होते ते सगळे ओळखपत्रांचे : पांढरी पार्श्वभूमी, समोर नजर, दोन्ही कान दिसलेले, चेहऱ्यावर सावली नाही. खिडकीपाशी खुर्ची मांडल्यावर ते तसेच ताठ बसले आणि म्हणाले, ‘पोरी, अर्ध्या तोंडावर सावली येतेय बघ.’ मी म्हणाले, ‘काका, ती हवीच आहे.’ ओळखपत्रासाठी सावली नको हे बरोबरच आहे, कारण तिथे चेहरा तपासायचा असतो. पण कुणाच्याही नाकाची उंची, गालातली खोल रेघ, वयाबरोबर खाली आलेली पापणी ही सावलीनेच दिसते, आणि ती काढून टाकली की उरतो तो नुसता पुरावा. त्यांना हातांचे काय करावे कळेना, म्हणून मी त्यांचा रोजचा पेपर मांडीवर दिला. ते वाचू लागले. पेपरचे पांढरे पान खालून त्यांच्या चेहऱ्यावर हलका उजेड टाकत होते आणि खिडकीकडची बाजू पुरी उजळली होती. मी त्यांच्यापासून पाच फुटांवर होते. याहून जवळ गेले तर नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात, म्हणून खोली कितीही छोटी असली तरी तेवढे अंतर मी राखते. शेवटच्या पानावरून त्यांनी मान वर केली तेव्हा ते कॅमेऱ्याकडे नव्हे, चहा आणणाऱ्या सुनेकडे पाहत होते. घरातल्यांनी तोच फोटो मोठा करून घेतला.

पंचवटीतला वाडा आता उतरवायचा ठरला आहे. भाऊबंदांत वाटण्या झाल्या, बांधकाम करणाऱ्याशी करार झाला, आणि मावशी या पावसाळ्यात मखमलाबाद रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. वाड्याच्या चौकातले तिचे बरेच फोटो माझ्याकडे आहेत, पण नव्या घरातलाही एक असावा असे मला वाटते. माणूस वाड्याबरोबर संपत नाही. मी गेले तेव्हा स्वयंपाकघराला उत्तरेची सरकती खिडकी होती, तिला डासांची जाळी, आणि बैठकीला पश्चिमेची बाल्कनी. मी माझ्या पद्धतीने विचारले, ‘मावशी, वाती कुठे बसून वळतेस?’ ती प्रथमच थांबली. तिने दोन्ही खोल्यांकडे पाहिले आणि सांगितले, की अजून जागा ठरलेली नाही. बाल्कनीत चारनंतर डोळ्यांवर येते, स्वयंपाकघरात जाळीमुळे दोरा दिसत नाही, ती जाळी काढायला मुलाला सांगितले आहे, आणि सध्या पावसाचे दिवस असल्याने खरे ऊन कुठून येईल ते समजत नाही. मी कॅमेरा काढू लागले तर म्हणाली, ‘आत्ता नको. दिवाळी झाल्यावर ये, तोवर मला कळेल कुठं बसायचं ते.’